शाळेतला फिल्टर आणि न दिसणारी यादी

गेल्या सप्टेंबरात आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका शाळेतून फोन आला. शाळा मराठी माध्यमाची, चालवणारी संस्था मुस्लिमांची. फोनवर इतिहासाच्या मॅडम होत्या. “सर, तुमचा तो अठ्ठेचाळीस सालावरचा लेख आमच्या लॅबमध्ये उघडत नाही. एका मुलीला भाषणासाठी हवा होता.”

१७ सप्टेंबर जवळ आला होता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात नववीतली एक मुलगी बोलणार होती. हैदराबाद संस्थान, रझाकारांचे अत्याचार, १९४८ची पोलीस कारवाई आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या मुस्लिम वस्त्यांवर जे गुजरलं, या सगळ्यावर मी काही वर्षांपूर्वी लिहिलं होतं. पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही, हेही त्यात होतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर तो लेख उघडायला गेलं की लाल पाटी यायची. हे पान ‘हिंसा आणि अतिरेकी विचार’ या वर्गात असल्यामुळे बंद आहे, असं तिच्यावर लिहिलेलं.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोराला माझ्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, “सर, लिस्ट तो ऊपरसे आती. अपने हाथ में कुछ नै.” वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर म्हणाला, कंपनीकडून. कंपनीत कोण ठरवतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांना नव्हतं, संस्थेच्या सेक्रेटरींना नव्हतं. दीड वर्षापूर्वी ज्या पालकसभेत हा फिल्टर बसवायचा ठराव झाला, त्या सभेला मीही होतो आणि ठरावाच्या बाजूने मी हातही वर केला होता. तेव्हा मलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

लेख अडला नसता तर मी या विषयाच्या वाटेला गेलो असतो का? बहुतेक नाही. पण गेलो, आणि जे वाचायला मिळालं ते वाचकांपुढे ठेवतो.

भीतीचं वर्ष

शाळेतल्या फिल्टरची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९९५च्या आसपास तिथल्या घराघरांत इंटरनेट शिरत होतं. ३ जुलै १९९५च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर भेदरलेल्या मुलाचा चेहरा होता आणि विषय होता इंटरनेटवरची अश्लीलता. त्या लेखाचा आधार होता एका विद्यार्थ्याचा अभ्यास. काही आठवड्यांतच त्या अभ्यासाच्या पद्धतीचे वाभाडे निघाले, पण तोवर अमेरिकी सिनेटमध्ये त्याचा दाखला देऊन झाला होता. फेब्रुवारी १९९६मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. लहान मुलांच्या नजरेस पडेल अशा रीतीने ‘असभ्य’ मजकूर इंटरनेटवर ठेवणं त्याने गुन्हा ठरवलं.

नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटना कोर्टात गेल्या. २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा विजय म्हणून हा निकाल आजही सांगितला जातो, आणि तो विजय होताच. पण निकालात एक मुद्दा असा होता की, सरकारने सगळ्यांची तोंडं बंद करण्यापेक्षा पालकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवणं हा कमी जाचक मार्ग आहे.

झालं. सर्फवॉच, सायबर पेट्रोल, सायबरसिटर, नेट नॅनी अशी सॉफ्टवेअरं बाजारात आलेलीच होती. निकालाने त्यांना प्रतिष्ठा दिली. ज्या संघटनेने खटला जिंकला होता, तिनेच दोन महिन्यांत इशारेवजा पुस्तिका काढली. खाजगी कंपन्यांची ही चाळणी सरकारच्या कायद्यापेक्षाही घातक ठरू शकते, असा तिचा आशय होता. त्या वेळी फार कुणी मनावर घेतलं नाही.

चाळणी चालते कशी?

या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या दोन पद्धती होत्या. पहिली शब्दांची. ठरावीक अक्षरं सापडली की पान बंद. हिची सगळ्यात गाजलेली फजिती १९९६ची. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे. त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक शिवी लपलेली आहे. त्यामुळे अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत त्या गावच्या लोकांना आपल्या गावाचं नाव घालून खातंच उघडता येईना. असल्या चुकीला कॉम्प्युटरवाले आजही त्या गावाच्या नावाने ओळखतात.

दुसरी पद्धत पत्त्यांची. कंपनीने वेबसाइटींची यादी करायची, वर्ग पाडायचे (नग्नता, जुगार, अमली पदार्थ, हिंसा, पंथ वगैरे) आणि शाळेने कोणते वर्ग बंद करायचे ते निवडायचं. शाळेला वाटतं, निवड आपली आहे. पण कुठली साइट कुठल्या वर्गात टाकायची हे कंपनीच ठरवते, आणि खरी निवड तिथेच होऊन गेलेली असते.

या याद्या कुलूपबंद होत्या. कंपन्यांच्या लेखी ते व्यापारी गुपित होतं. १९९६च्या उन्हाळ्यात दोन अमेरिकी पत्रकारांनी काही याद्या मिळवून छापल्या, तेव्हा सायबरसिटरच्या यादीत स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी राष्ट्रीय संघटनाही बंद असल्याचं उघड झालं. त्याच वर्षी बेनेट हॅसेल्टन या कॉलेजातल्या मुलाने ‘पीसफायर’ नावाची साइट काढून फिल्टरांच्या चुका लिहायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत सायबरसिटरने पीसफायरलाच आपल्या यादीत टाकलं. चूक दाखवणारी साइटच बंद!

२०००च्या मार्चमध्ये एक स्वीडिश आणि एक कॅनेडियन, अशा दोघा प्रोग्रामरांनी सायबर पेट्रोलच्या यादीचं कुलूप तोडलं. तेव्हा सायबर पेट्रोलची मालकी मॅटेलकडे होती. होय, बार्बी बाहुली बनवणारी तीच कंपनी. मॅटेलने त्यांना कोर्टात खेचलं आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रमुखांनी, कॉपीराइट कायद्याखाली मिळालेल्या अधिकारात, फिल्टरांच्या याद्या उघडून बघायला कायदेशीर सूट दिली. काय बंद आहे हे नागरिकाला कळलंच पाहिजे, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

खटला आणि यादी

इथे मला आपल्याकडच्या दोन जुन्या गोष्टी आठवल्या.

इस्मत चुगताई यांच्या ‘लिहाफ’ या कथेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला. मंटोही त्याच सुमारास ‘बू’ या कथेसाठी त्याच कोर्टात हजर होते. इस्मत आपांनी आत्मचरित्रात त्याची हकीकत सांगितली आहे. सरकारी साक्षीदाराला विचारलं गेलं, या कथेतला अश्लील शब्द कोणता ते दाखवा. त्याने फार शोधून ‘आशिक’ या शब्दावर बोट ठेवलं. वकिलांनी उलटतपासणी केली. शेवटी बोट ठेवण्याजोगा शब्द काही सापडला नाही आणि खटला निकालात निघाला.

दुसरी गोष्ट र. धों. कर्वे यांची. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, त्यांना दंड झाला.

एक खटला सुटला, एकात शिक्षा झाली. पण दोन्हींत आरोप कुणी केला हे माहीत होतं, कोणत्या मजकुरावर केला हे माहीत होतं, लेखकाला नोटीस आली होती, त्याची बाजू मांडायला वकील होता आणि निकाल देणाऱ्या माणसाला नाव होतं. इंग्रजांच्या राजवटीत, गुलाम देशात, एवढं होतं. माझ्या लेखावर लाल पाटी लागली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मला कळलं तेही एका मॅडमनी आपणहून फोन केला म्हणून.

पैशाच्या दोरीने बांधलेला फिल्टर

१९९६च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. तेव्हा वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरपर्यंतची ही योजना होती. जितकी वस्ती गरीब, तितकी सवलत जास्त. डिसेंबर २०००मध्ये नवा कायदा आला: बालकांच्या इंटरनेट संरक्षणाचा. त्याने म्हटलं, सवलत हवी असेल तर फिल्टर बसवा. फिल्टर नाही तर पैसा नाही. श्रीमंत शाळेला निदान विचार करायला जागा होती. गरीब वस्तीतल्या शाळेला ती नव्हती.

कायद्याच्या शब्दांत फिल्टरने रोखायच्या होत्या त्या केवळ अश्लील, बालकांचं शोषण करणाऱ्या किंवा मुलांना हानिकारक अशा दृश्य गोष्टी. म्हणजे चित्रं, फोटो, व्हिडिओ. लिखित मजकूर त्यात नव्हताच. पण बाजारातली सॉफ्टवेअरं चालत होती शब्दांवर आणि पत्त्यांवर. त्यामुळे कायद्याने मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त बंद होत गेलं.

किती जास्त, याचा अंदाज कैसर फॅमिली फाउंडेशनने २००२च्या डिसेंबरात दिला. शाळा-ग्रंथालयांतले फिल्टर वेगवेगळ्या पातळ्यांवर लावून त्यांनी सुमारे ३ हजार आरोग्यविषयक साइटी तपासल्या. सगळ्यात सैल पातळीवर ८७ टक्के अश्लील साइटी अडल्या आणि आरोग्याच्या अडल्या १.४ टक्के. सगळ्यात कडक पातळीवर अश्लील साइटी ९१ टक्के अडल्या, पण आरोग्याच्या तब्बल २४ टक्के. म्हणजे बटण शेवटपर्यंत फिरवल्यावर अश्लीलतेवरचा पहारा चार टक्क्यांनी वाढला, आणि चारातली एक आरोग्याची साइट हातची गेली. ज्या मुलीला घरी आईला विचारता येत नाही, डॉक्टरकडे एकटी जाता येत नाही, तिच्यासाठी या आकड्याचा अर्थ काय ते सांगायला नको. कर्व्यांच्या मासिकाला पत्रं पाठवणारी माणसं अशीच होती.

हा कायदा कोर्टात गेला तो ग्रंथालयांच्या वतीने. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो वैध ठरवला. त्यात महत्त्वाचा आधार असा होता की प्रौढ वाचकाने सांगितलं तर ग्रंथपाल फिल्टर काढून देऊ शकतो. शाळांना लागू होणाऱ्या भागाला त्या खटल्यात कुणी आव्हानच दिलं नव्हतं. प्रौढाला ‘फिल्टर काढा’ म्हणायचा हक्क मिळाला. शाळकरी मुलासाठी तसा दरवाजा राहिला नाही.

पुढे २०११मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅमडेंटन गावच्या शाळांचं प्रकरण कोर्टात आलं. तिथल्या फिल्टरमध्ये समलैंगिक मुलांना आधार देणाऱ्या साइटी ‘लैंगिक’ वर्गात टाकून बंद केल्या होत्या, आणि समलैंगिकतेला पाप म्हणणाऱ्या साइटी ‘धर्म’ या वर्गात असल्यामुळे उघड्या होत्या. न्यायालयाने शाळांना हा भेदभाव थांबवायला सांगितलं. समलैंगिकतेबद्दल माझ्या वाचकांची मतं वेगवेगळी असतील, तो आजचा विषय नाही. वाद दोन बाजूंचा होता आणि मुलांना एकच बाजू दिसत होती, कारण यादी करणाऱ्याने एकीला धर्म म्हटलं आणि दुसरीला अश्लील. वर्गाचं नाव देणारा अशा वेळी निवाडाही देऊन टाकतो.

रियाधचा दरवाजा

आमच्या पालकसभेत एक हाजीसाहेब होते. बारा वर्षं रियाधला नोकरी करून आलेले. ते म्हणाले होते, “तिकडे सगळं घाण बंद असतं. आपल्या शाळेत तसंच पाहिजे.” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझीही मान त्यात होती.

सौदी अरेबियात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १९९९च्या सुरुवातीला. देशाबाहेरून येणारी सगळी वाहतूक रियाधच्या किंग अब्दुलअजीज विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रातून जायची आणि तिथे चाळली जायची. आपल्याला वाटेल, तिथे बसून उलेमा याद्या करत असतील. तसं नव्हतं. चाळणीचं सॉफ्टवेअर होतं ‘स्मार्टफिल्टर’, आणि ते बनवणारी सिक्युअर कम्प्युटिंग ही कंपनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. अश्लीलता, जुगार वगैरे वर्गांची भलीमोठी यादी अमेरिकेतून तयार यायची. तिच्यावर सौदी सरकार आपली राजकीय आणि धार्मिक भर घालायचं.

हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २००२मध्ये सौदीच्या या दरवाजातून सुमारे ६० हजार पानं मागवून पाहिली. दोन हजारांहून जास्त अडली. त्यांत अश्लील पानं होतीच, पण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा अमेरिकी इतिहासातल्या स्त्रियांवरचा विभागही होता.

त्याच सिक्युअर कम्प्युटिंगने २००३मध्ये सिॲटलची एन-टू-एच-टू ही कंपनी विकत घेतली. एन-टू-एच-टूचा ‘बेस’ हा फिल्टर अमेरिकेतल्या शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर होता. कुत्र्याचं चित्र हे त्याचं बोधचिन्ह, राखणदार, इमानी. याच कंपनीने मुलं शाळेत कोणत्या साइटी बघतात याची नावं वगळून एकत्र केलेली माहिती विकायला काढली होती. टीका झाल्यावर २००१च्या सुरुवातीला तो धंदा तिने बंद केला.

तर हाजीसाहेबांना ज्याचा अभिमान वाटत होता तो ‘इस्लामी’ पडदा कॅलिफोर्नियात विणलेला होता, आणि तोच विणकर अमेरिकी शाळांचाही पुरवठादार झाला. यादी करणाऱ्याला ना आपला दीन ठाऊक, ना आपली मुलं. हाजीसाहेबांना मी हे नंतर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग आपली यादी आपणच करू.” त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

अडवण्यापासून नजर ठेवण्यापर्यंत

या इतिहासाचा पुढचा टप्पा ब्रिटनमध्ये आला, आणि तो थेट आपल्याशी संबंधित आहे.

२०१५च्या दहशतवादविरोधी आणि सुरक्षा कायद्याने ब्रिटनमधल्या शाळांवर एक कर्तव्य टाकलं. मुलं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याची काळजी घेणं हे १ जुलै २०१५पासून शाळेचं कायदेशीर काम झालं. ‘प्रिव्हेंट’ या नावाने ही योजना ओळखली जाते. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या शिक्षण खात्याने शाळांना फिल्टर आणि देखरेख, दोन्ही ठेवायला सांगितलं.

बाजार तयारच होता. इम्पेरो नावाच्या ब्रिटिश कंपनीने शाळांसाठीच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कट्टरते’च्या शब्दांचा कोश घातला. त्यासाठी मदत घेतली क्विलियम या संस्थेची, जी मुस्लिम कार्यकर्त्यांनीच काढलेली होती. मुलाने शाळेच्या कॉम्प्युटरवर यातला शब्द टाइप केला की शिक्षकाला इशारा जाणार. कोशात ‘जिहादी ब्राइड’ होता, ‘वॉर ऑन इस्लाम’ म्हणजे ‘इस्लामविरुद्धचं युद्ध’ हेही होतं. उजव्या वर्णद्वेष्ट्यांचे शब्दही होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण इराक युद्धावर निबंध लिहिणारा कुठलाही मुस्लिम मुलगा ‘इस्लामविरुद्धचं युद्ध’ हे शब्द निदान खोडून काढण्यासाठी तरी लिहीलच की!

गंमत म्हणजे, हजारो मुलांवर नजर ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेतच खिंडार असल्याचं जुलै २०१५मध्ये उघड झालं. त्याचा मुळातला पासवर्ड होता: ‘पासवर्ड’.

त्याच वर्षी लंडनच्या एका शाळेत फ्रेंचच्या तासाला पर्यावरणावर चर्चा चालली होती. झाडं वाचवण्यासाठी काही लोक हिंसा करतात, त्याला ‘इकोटेररिझम’ म्हणतात, असं एक १४ वर्षांचा मुस्लिम मुलगा म्हणाला. काही दिवसांनी त्याला वर्गाबाहेर बोलावून विचारलं गेलं, तुझा आयसिसशी काही संबंध आहे का? इथे सॉफ्टवेअर नव्हतं. शिक्षकच सॉफ्टवेअरसारखे ऐकू लागले होते. वाक्य सोडून शब्द पकडायचा, एवढंच.

मार्च २०१६ला संपलेल्या वर्षात प्रिव्हेंटकडे ७,६३१ जणांची नावं गेली. त्यांतली साधारण एकतृतीयांश शिक्षणसंस्थांनी कळवलेली. मदतीची खरी गरज आहे असं ठरून त्यांतल्या ३८१ जणांना पुढे आधार दिला गेला. म्हणजे शंभरातले पाच. उरलेल्या पंचाण्णवांपैकी कित्येक जण, शाळेत काय बोलायचं नाही, हेच शिकले असतील. ज्या मुलाला प्रश्न आहेत त्याने ते गुरुजींना विचारायचे नाहीत, तर मग कुणाला विचारायचे? बंद खोलीतल्या मोबाइलवर भेटणाऱ्या कुणा अनोळखी ‘भाई’ला? ज्याची भीती होती त्याच दारात पोराला नेऊन सोडायची ही तऱ्हा झाली.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी आणि ‘तजस्सुस’, म्हणजे दुसऱ्याच्या आतल्या गोष्टींचा माग काढत बसणं, दोन्हींची मनाई आहे. आपण ही आयत शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याला वाटतं की आई-बाप आणि उस्ताद असल्यावर सगळं माफ आहे. मूल वाममार्गाला लागू नये म्हणून सांभाळणं वेगळं आणि त्याच्या प्रत्येक शब्दाची नोंद ठेवणं वेगळं. हा फरक आपल्या घरातही करायला हवा.

आपल्याकडे

आपल्याकडे २०१५मध्ये ३१ जुलैच्या आदेशाने ८५७ साइटी एका रात्रीत बंद झाल्या. कारण दिलं अश्लीलतेचं, पण यादीत विनोदाच्या साइटीही निघाल्या. ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेश सैल करावा लागला. ती यादी बाहेर फुटली म्हणून ओरड करता आली. एरवी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली साइट बंद करण्याचे जे नियम २००९मध्ये झाले, त्यांत तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवायची तरतूद आहे. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना फिल्टर आणि देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं. राज्य मंडळाच्या शाळांना ते परिपत्रक लागू नव्हतं, पण फॅशन पसरायला परिपत्रक लागत नाही. आमच्या शाळेतही तो तसाच आला. कुणी मागे लागलं नव्हतं, आम्हीच मागून घेतला.

आणि का मागितला, हेही विसरता कामा नये. मलाही मुलं आहेत. दहा-अकरा वर्षांच्या पोरासमोर एका बोटाच्या अंतरावर काय काय असतं, हे मला ठाऊक आहे. फिल्टर नकोच असं म्हणणाऱ्यांत मी नाही. त्या सैल पातळीचे आकडेच सांगतात की थोड्या चाळणीने बरंच काम होतं आणि नुकसान कमी होतं. माझा विरोध आहे तो न दिसणाऱ्या यादीला, आणि जिथे दादच मागता येत नाही अशा लाल पाटीला.

ऑक्टोबरात पुन्हा पालकसभा झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, फिल्टर सगळ्यात सैल पातळीवर ठेवावा आणि ‘अतिरेकी विचार’सारखे अस्पष्ट वर्ग काढून टाकावेत. दुसरी, लॅबमध्ये एक वही ठेवावी. जे पान अडलं ते मुलाने आपलं नाव न घालता तिच्यात लिहावं, आणि शिक्षकाने ते पाहून त्याच दिवशी उघडावं किंवा का उघडलं नाही ते शेजारी सहीनिशी लिहावं. तिसरी, कुठल्या मुलाने काय शोधलं याची नोंद सॉफ्टवेअरने ठेवू नये. तशी नोंद ठेवली जात होती, हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं.

पहिली मागणी अर्धी मान्य झाली: पातळी सैल केली, वर्ग तसाच राहिला. “काही झालं तर जबाबदारी कुणाची?” असं सेक्रेटरी म्हणाले. आपल्या नावाच्या संस्थेने तो वर्ग काढला, हेच उद्या कुणी आपल्याविरुद्ध दाखवेल, अशी त्यांची भीती. ती भीती मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. तिसरी मागणी कंपनीला लिहून कळवली आहे, उत्तर आलेलं नाही. दुसरी पूर्ण मान्य झाली. हाजीसाहेबांनीच जोर लावला. शंभर पानी वही त्यांनी स्वतः आणून दिली.

माझा लेख मॅडमनी आपल्या अधिकारात उघडून घेतला, पण तोवर १७ सप्टेंबर होऊन गेला होता. त्या मुलीने भाषण केलं ते पाठ्यपुस्तकात होतं तेवढ्यावर. चांगलं केलं म्हणतात. तिच्या पणजोबांच्या गावात त्या वर्षी काय झालं होतं, ते त्यात नव्हतं.

परवा लॅबमध्ये ती वही पाहिली. पहिल्या पानावर सहा नोंदी आहेत. दोन क्रिकेटच्या गेमच्या, त्या मॅडमनी उघडल्या नाहीत आणि तसं लिहिलं. एक पाळीच्या दुखण्याबद्दलची, ती त्याच दिवशी उघडली. बाकीच्या तीन नोंदींपुढची जागा अजून कोरी आहे. मी मॅडमना तेवढं विचारून आलो.